मदत हवी आहे: एमएल-केईएमचं एन्कॅप्स जुळतं, डीकॅप्स जुळतं, कीजेनच जुळत नाही

लुकलुक:
नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी एमएल-केईएम-७६८ (दोन बाजूंना एकच गुपित ठरवून देणारी, क्वांटम संगणकालाही दाद न देण्यासाठी बनवलेली पद्धत) एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट रचता येणाऱ्या चिपवर, बसवतोय. यात कीजेन किल्ल्या बनवतं, एन्कॅप्स सार्वजनिक किल्लीने गुपित बांधून सायफरटेक्स्ट देतं, डीकॅप्स ते खाजगी किल्लीने सोडवतं. बोर्ड साधाच, बेसिस ३. तीन आठवडे एकाच जागी अडकलोय आणि सोमवारी गाईडसमोर डेमो आहे.

एनटीटीचं युनिट (बहुपदींचा गुणाकार झटपट व्हावा म्हणून त्यांचं रूप बदलणारं) माझं नाही, आधीच्या बॅचच्या सिनियरचं व्हेरिलॉग, म्हणजे हार्डवेअरचा कोड, वारशात मिळालंय. चार बटरफ्लाय युनिट, प्रत्येकात एक गुणक. एका थरात १२८ गुणाकार याप्रमाणे सात थर २२४ सायकलींत उरकतात. मोड्युलो ३३२९ साठी (सगळं गणित ३३२९ने भागून उरणाऱ्या बाकीत चालतं) त्याने बॅरेटची नेहमीची रीत घेतलेली नाही, ३३२९ = १३ × २५६ + १ याचा फायदा घेऊन शिफ्ट आणि बेरीज-वजाबाकीवर भागवलंय. केचॅक (हॅश), सॅम्पलर (हॅशमधून बहुपदींचे आकडे निवडणारा) आणि कंट्रोलर माझे.

एन्कॅप्सला टेस्ट व्हेक्टरमधली (बरोबर उत्तरांसह मिळणारे नमुने) सार्वजनिक किल्ली दिली की सायफरटेक्स्ट बाइट न् बाइट जुळतो. डीकॅप्सचंही तेच. पण माझ्या कीजेनमधून निघणारी किल्ली चुकीची, आणि तीच वापरून पुढे गेलो तर दोन्ही बाजूंची गुपितं वेगळी. डीकॅप्स एररसुद्धा देत नाही हो! सायफरटेक्स्ट पटला नाही तर गुपचूप भलतंच गुपित हातावर ठेवतो. प्रमाणातच तसं आहे, हल्लेखोराला सुगावा लागू नये म्हणून. इथे माझा जीव जातोय.

बिटकरी:
व्हेक्टर कुठले वापरताय? कायबरच्या (एमएल-केईएमचं आधीचं रूप) तिसऱ्या फेरीचे असतील तर जुळणारच नाहीत. ऑगस्ट २०२४च्या फिप्स २०३मध्ये, म्हणजे एमएल-केईएमच्या प्रमाणात, कीजेनच्या बीजाला 'के'चा (७६८साठी ३) एक बाइट जोडून मग हॅश करतात. आधी नुसतं बीज असायचं.

लुकलुक:
व्हेक्टर नवेच आहेत, ३ जोडलाय. किल्लीच्या ११८४ बाइटांपैकी शेवटचे ३२, म्हणजे 'रो' (ए मॅट्रिक्स ज्यातून बनते ते बीज), तंतोतंत जुळतात. आधीचे ११५२ चुकतात.

जुनाट यंत्र:
रो जुळतोय म्हणजे बीज आणि हॅश सुटले. 'ए' मॅट्रिक्स (बहुपदींची ३ × ३ची) आडवी-उभी फिरली नाही ना? एन्कॅप्सला ट्रान्सपोज लागते, कीजेनला नाही.

लुकलुक:
ए मधल्या नऊही बहुपदी सॉफ्टवेअरशी ताडून पाहिल्या. 'एस' (गुपित) आणि 'ई' (छोटी चूक, जी ए-एसच्या गुणाकारात मिळवून किल्लीतला 'टी' होतो) सुद्धा, एनटीटीच्या आधी आणि नंतर. सगळं बरोबर.

जुनाट यंत्र:
मग दोन गोष्टी सांगा. उलट एनटीटीच्या शेवटी कितीने गुणता? आणि नुसता १ घालून एनटीटी व लगेच उलट एनटीटी केली की काय येतं?

लुकलुक:
१४४१ने. शेजारी सिनियरची टीप आहे, "हा आकडा बदलू नये". प्रमाणात ३३०३ दिसला म्हणून एकदा बदलला, तर एन्कॅप्सही बिघडलं. परत ठेवला. १ घातला की २२८५ येतात. त्याच्या टेस्टबेंचमध्ये अपेक्षित उत्तरच २२८५ लिहिलंय, म्हणून मी पुढे गेलो.

जुनाट यंत्र:
सापडलं. सिनियर हुशार आहे, पण टीप लिहिताना कंजूष.

३३२९च्या जगात १३ × २५६ म्हणजे उणे १. त्यामुळे खालच्या ८ बिटांना १३ने गुणून वरचे बिट वजा केले की आकडा छोटा होतो, पण मूळ संख्येच्या १३ पट होऊन. २४ बिटांच्या गुणाकाराला हे दोनदा करावं लागतं, म्हणजे १६९ पट. एनटीटीत हे दिसत नाही, कारण ट्विडलच्या (एनटीटीचे ठरलेले गुणक) रॉममधले आकडे आधीच २२८५ने गुणून ठेवलेले असणार. १६९ × २२८५ म्हणजे इथे १.

पण ए आणि एस हे दोन्ही डेटा. त्यांच्या गुणाकाराला चिकटलेले १६९ कोण काढणार? एन्कॅप्स-डीकॅप्समध्ये असा प्रत्येक गुणाकार पुढे उलट एनटीटीत जातो, आणि १४४१ हा आकडा १२८ने भागतानाच ते १६९ही पुसतो. कीजेनमध्ये उलट एनटीटी नाहीच. 'टी' एनटीटीच्याच रूपात किल्लीत भरला जातो. तुम्ही १६९ पट झालेल्या ए-एसमध्ये साधा ई मिळवताय.

ई मिळवण्याआधी त्याच गुणकातून १३५३ने गुणा. कायबरच्या मूळ सी कोडमध्ये मॉन्टगोमेरीमुळे (बाकी काढायची अशीच दुसरी रीत) हाच पेच होता. कीजेनमधलं पॉली-टोमाँट हे फंक्शन त्याच्यासाठीच आहे. आकडेही तेच निघतात, कारण १६९ म्हणजे इथे दोनच्या सोळाव्या घाताचा व्यस्त.

लुकलुक:
बाप रे. पण काका, यात सायकली वाढणार ना? गाईडना आकडा कमी हवाय.

जुनाट यंत्र:
मॅट्रिक्सच्या ओळीला २५६ गुणाकार, चार गुणकांवर ६४ सायकली. तुमचा सॅम्पलर सायकलीला किती आकडे तपासतो?

लुकलुक:
एकच.

जुनाट यंत्र:
मग चिंता कसली? १२ बिटांच्या ४०९६ पैकी ३३२९च आकडे चालतात आणि बहुपदीला २५६ लागतात, म्हणजे एका बहुपदीला सरासरी ३१५ सायकली. तिचा गुणाकार चार गुणकांवर १६० मध्ये होतो. उरलेला वेळ गुणक रिकामेच बसतात, त्यात हे ६४ घाला.

लुकलुक:
जुळलं! ११८४च्या ११८४ बाइट. एकूण सायकली तेवढ्याच राहिल्या. "बदलू नये"च्या खाली कारण लिहून ठेवलंय, चार ओळी. पुढच्या बॅचला हेच व्हेरिलॉग जाणार आहे.