रेंज नसलेल्या वर्गात अजिंठ्याची चित्रे कशी दाखवावीत?

प्रश्न (इतिहासाचे प्राध्यापक, वाशीम जिल्हा)

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. प्राचीन भारतातील कला शिकवताना अजिंठ्याची चित्रे नुसत्या शब्दांत सांगावी लागतात, याचे मला वाईट वाटते. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्याने कोरवले तो वराहदेव वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. तरीही मुलांना ही चित्रे दूरदेशीची वाटतात. वर्गात रेंज येत नाही, प्रोजेक्टर आळीपाळीने मिळतो आणि लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही. आधी उतरवून घेऊन निर्धास्तपणे वापरता येतील अशी चित्रे कोठे मिळतील?

उत्तर (ग्रंथपाल, बुलढाणा जिल्हा)

सर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये सुमारे 3,75,000 छायाचित्रे कोणत्याही अटीविना खुली केली असून त्यांत भारतीय लघुचित्रेही आहेत. अजिंठ्यासाठी मात्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे संकेतस्थळ पाहावे. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात केलेल्या नकला तेथे आहेत. 1885 च्या आगीत बऱ्याच जळाल्या, त्यांतून वाचलेल्या या. तेथील वापराच्या अटी वेगळ्या असल्याने त्या आधी वाचाव्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेल्या वापराला सवलत देते, परंतु तेच चित्र छापील पुस्तिकेत घालून विकणे ही निराळी गोष्ट आहे.

चित्र उतरवताना संग्रहालयाचे नाव, नोंदणी क्रमांक, काळ आणि माप त्याच वेळी लिहून ठेवावे. नंतर ते शोधताना दिवस जातो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

उत्तर (चित्रकलेच्या शिक्षिका, गडचिरोली जिल्हा)

मापाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर तळहाताएवढे लघुचित्र आणि भिंतभर पसरलेले भित्तिचित्र सारखेच दिसतात, आणि एकदा तो समज बसला की विद्यार्थ्यांना चित्रकाराचे कष्ट कळतच नाहीत. म्हणून मी चित्र दाखवण्यापूर्वी त्याची खरी लांबी-रुंदी खडूने फळ्यावर आखते. चित्र मोठे असेल तर मुलांनाच वर्गाच्या भिंतीवर दोरी धरायला लावते. त्यानंतर प्रोजेक्टर बंद पडला तरी आखणी समोर असते आणि बोलणे थांबत नाही.

तासाला तीनपेक्षा अधिक चित्रे घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. पहिली पाच मिनिटे काहीही न सांगता मुलांना काय दिसते ते लिहू द्यावे. एका मुलीने अशा वेळी हाताच्या बोटांची ठेवण टिपली होती, जी मी स्वतः कित्येक वर्षे पाहूनही पाहिली नव्हती.

प्रश्नकर्त्यांचे उत्तर

मॅडम, दोरीची कल्पना याच आठवड्यात करून पाहतो. एक शंका आहे: नकलेतले रंग आणि आजच्या छायाचित्रातले रंग जुळत नाहीत, तर मुलांना खरे कोणते सांगावे?

उत्तर (ग्रंथपाल, बुलढाणा जिल्हा)

दोन्ही शेजारी ठेवा, सर. नकला करताना भिंतींवर वॉर्निश लावले गेले होते, ते पुढे पिवळे पडले. शिवाय नकलेत दिसणारा एखादा भाग आजच्या भिंतीवरून गळून गेलेला असतो, आणि तो मुलांनीच शोधून काढावा.