“सोलापुरात इलेक्ट्रिक गाडी म्हणजे पांढरा हत्ती” म्हणणाऱ्यांसाठी

विजापूर_वेस:
परवा इथं एका महाशयांनी लिहिलं, “सोलापुरात इलेक्ट्रिक गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. ऊन बॅटरी खातं, पुण्याला जाता येत नाही, आणि ज्यानं घेतली तो वर्षात विकायला काढतोय.” स्वतःकडं डिझेलची एसयूव्ही. ईव्ही कधी चालवली का विचारलं, तर “मेव्हण्याची बघितलीय.” बघितलीय! तिथं एका ओळीत भागेना म्हणून हा धागा.

माझ्या गाडीचा हा दुसरा उन्हाळा. सवय व्हायला वेळ लागतो, नाही कोण म्हणतंय? पण रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याबद्दल, सगळे बोलतात, पायाबद्दल कुणी बोलत नाही. डावा पाय क्लच शोधत बसतो, ते चार दिवसांत जातं. उजव्या पायाचं शिक्षण मोठं. रीजन, म्हणजे वेग कमी होताना मोटरनंच ब्रेक लावून बॅटरी भरायची सोय, जोरात ठेवला की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताक्षणी गाडी स्वतःच आवरते. तुळजापूरला जाताना आमच्या सौ. घाटाच्या अलीकडंच “थांबवा, मळमळतंय” म्हणाल्या. पाय झटक्यात उचलायचा नसतो, हळूहळू सोडायचा असतो. ते अंगात मुरलं की सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत ब्रेक क्वचित लागतो, आणि घाट उतरताना बॅटरीत थोडं परत जमा होतं ते वेगळंच.

आता पुणे. अडीचशे किलोमीटर. कंपनीच्या कागदावरच्या रेंजमधून तिसरा हिस्सा डोळे मिटून वजा करायचा, एसी आणि हायवे धरून. ८०-८५ नं गेलात तर निवांत जाता. ११० नं हाणलीत तर टेंभुर्णीलाच जीव खालीवर. वाटेत एकदा फास्ट चार्जरला थांबायचं, ८० टक्के झाले की निघायचं. पुढचे २० टक्के इतके रेंगाळत भरतात की त्यांच्या नादी लागायचं नाही. तसंही वाटेत कुठं न थांबता पुण्याला पोचणारा सोलापूरकर मला दाखवा.

उन्हाचं म्हणाल, तर बॅटरी थंड ठेवायची व्यवस्था गाडीतच असते. चार्जिंगला लावल्यावर जो पंखा घोंघावतो तो त्यासाठीच. मे महिन्यात भर दुपारी हायवेवरून तापून आलेल्या गाडीला फास्ट चार्जर लावला तर वेग कमी मिळतो, एवढं खरं. रात्री घरी लावा, सकाळी भरलेली. पंपावर रांग नाही, ऑइल बदलणं नाही.

मिलचा_भोंगा:
ते महाशय मीच. नाव घ्यायला लाजता कशाला?
“रात्री घरी लावा.” वा! मालक, तुमच्या वाड्याला फाटक आहे, फाटकाच्या आत जागा आहे. उरलेल्या सोलापूरनं काय करायचं? आणि मेव्हण्याचं ऐका. पंढरपूरहून येताना बॅटरी उतरली. हायवेवर चार्जर दोन. एक बंद. दुसऱ्यावर टॅक्सी लावून ड्रायव्हर जेवायला गेलेला. ॲपमध्ये आधी पैसे भरा, मग ओटीपी, तर मोबाइलला रेंज नाही. गाडीत म्हातारी सासू, बाहेर ४३ डिग्री, आणि एसी लावायचा की नाही यावर घरात भांडण. मी डिझेलवाला मागं बसून सगळं ऐकत होतो. हे “बघितलीय” मध्ये मोडतं का नाही?

विजापूर_वेस:
पंढरपूर सोलापूरपासून ७५ किलोमीटरच्या आत. भरून निघाला असता तर जाऊन येऊन शिल्लक राहिली असती. रिकाम्या टाकीनं निघालेल्या डिझेलवाल्यालाही रस्त्यात म्हातारी सासू आणि ४३ डिग्रीच भेटते.

पूर्वभागातला:
तुम्ही दोघं भांडा. आमच्या बोळात रिक्षा वळत नाही. खाली माग, वर आम्ही. चार्जर कुठं लावू, मागाला? गाडी लावतो तो रस्ता, तिथून वायर घरात घेतली तर सकाळी वायर तरी शिल्लक राहील का? ईव्ही ज्याला पार्किंग आहे त्याची. हे आधी लिहा, मग पायाचं शिक्षण.

जुळे_सोलापूरची_ताई:
पार्किंग असूनही सोपं नाही हो दादा. आमच्या अपार्टमेंटमध्ये “आग लागली तर?” इथंच आठ मीटिंगा गेल्या असतील. त्याच पार्किंगमध्ये गॅसवरच्या चार गाड्या उभ्या असतात, त्यांना कुणी विचारत नाही. शेवटी परवानगी मिळाली, भिंतीवर चार्जर बसला. एप्रिलमध्ये लाल दिवा, गाडी चार्जच होईना. वायरमन आला, म्हणाला अर्थिंग गेलंय. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग धरत नाही, आणि नीट अर्थिंग नसेल तर चार्जर चालतच नाही. सुरक्षेसाठीच असतं ते. उपाय काय, तर “खड्ड्यात मीठ-कोळसा घाला आणि रोज बादलीभर पाणी ओता.” मी म्हटलं, दादा, नळाला पाणी येऊन आज चौथा दिवस आहे.

कडक_भाकरी:
ताई, आत्ता मुद्द्यावर आलात. गाडी गेली खड्ड्यात. उजनी ११७ टीएमसीचं धरण, ११० किलोमीटरवरून पाइपलाइन, आणि आमच्या आईचं अर्धं आयुष्य “आज पाणी आहे का” विचारण्यात गेलं. धरण भरलं की पेपरात फोटो, नळाला मात्र तेच.

होटगी_रोड:
नळाला येतं त्यातलंही शेजारी मोटर लावून ओढतो. आमच्या गल्लीत पाण्याच्या रात्री सगळ्या मोटरी एकदम सुरू. व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूब लागत नाही. त्या रात्री ईव्ही चार्ज करून दाखवा.

विजापूर_वेस:
व्होल्टेज फार पडलं तर चार्जर थांबतो, सुधारलं की बऱ्याच गाड्यांत आपोआप पुन्हा सुरू होतो. बॅटरी रोज भरावी लागत नाही हो, शहरात दोन-तीन दिवस आरामात निघतात. धाग्यावर या जरा.

कडक_भाकरी:
धाग्यावरच आहे. तुमची वीज येते कुठून? फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या वीज केंद्रातून, १३२० मेगावॅट, सगळं कोळशावर. त्याला पाणी कुठलं? उजनीचं. म्हणजे तुमची गाडी धूर फताटेवाडीला सोडते आणि पाणी आमच्या आईच्या हंड्यातलं पिते. वर हिरवी नंबर प्लेट लावून मिरवते.

विजापूर_वेस:
आणि तुमचा कूलर, फ्रिज, ती मोटर कशावर चालते, शेंगाचटणीवर? फताटेवाडीची वीज काय माझ्या एकट्याच्या प्लगाला वायर टाकून दिलीय का? ती ग्रिडमध्ये जाते, त्यात कोळसाही आहे, सोलरही, कोयनाही. तुमचं पेट्रोल जमिनीतून आपोआप वर येऊन सात रस्त्याच्या पंपावर उभं राहतं वाटतं.

कडक_भाकरी:
माझ्याकडं सायकल आहे.

मिलचा_भोंगा:
जिंकलास भावा.

होटगी_रोड:
कोयना काढू नका, कोयनेच्या पाण्यावरून वेगळा धागा होईल.

पूर्वभागातला:
मोटर लावणाऱ्यांबद्दल कुणी काहीच बोलणार नाही का? आमच्याकडं पाणी रात्री दोनला येतं. खालच्या घरात मोटर, वर थेंब नाही. खालचा माणूस सकाळी नमस्कार करतो वर तोंड करून.

जुळे_सोलापूरची_ताई:
आमच्याकडं टँकर. टँकरवाल्याची गाडी डिझेलची, हेही लिहून ठेवा.

हिशोबनीस:
पाणी बाजूला ठेवा. पैशाचं कुणी नीट लिहिलंच नाही. विजेच्या एका युनिटला गाडी सहा-सात किलोमीटर जाते. पण घरच्याच मीटरवर लावली तर महिन्याला शंभर-दीडशे युनिट वाढतात, आणि जो माणूस १०१ ते ३०० युनिटच्या स्लॅबमध्ये होता तो ३०१ ते ५०० च्या महाग स्लॅबमध्ये जातो. शेजारी दोन रुपये किलोमीटर सांगतो तो खालच्या स्लॅबचा हिशोब असतो. वरच्या स्लॅबचा पंधरा-सोळा रुपये दर धरला तरी किलोमीटरला अडीच रुपये पडतात. पेट्रोल शंभरच्या वर, गाडी पंधराचं ॲव्हरेज देणारी, म्हणजे सात. फरक आहेच, पण गाडी घेताना दोन-तीन लाख जास्त मोजलेत ते वसूल व्हायला गाडी पळायला हवी. घर ते नवी पेठ आणि परत, एवढंच असेल तर पेट्रोलची घ्या. ईव्हीसाठी वेगळा मीटर मिळतो, तो घ्या. छतावर जागा असेल तर सोलर. ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, दिवसाला सरासरी बारा युनिट धरा. ऊन आपल्याकडं फुकट आहे.

मिलचा_भोंगा:
हा माणूस दोन्हीकडच्यांना नावडणार. टोल तरी माफ आहे ना यांना?

हिशोबनीस:
राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, एवढ्यांवर माफ. आपला पुणे रोड राष्ट्रीय महामार्ग, तिथं फास्टॅग गपगुमान कापतो. आणि हायवेच्या फास्ट चार्जरला युनिटमागं वीसच्या वर जातात. म्हणजे रोज पुण्याला पळणाऱ्याची बचत अर्धी कापली समजा.

विजापूर_वेस:
हे मान्य. रोज पुणे असेल तर मीही डिझेल सुचवीन. पण सोलापुरातल्या किती जणांची गाडी रोज पुण्याला जाते? अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५. आपल्या निम्म्या फेऱ्या देवालाच असतात.

पूर्वभागातला:
आणि तुमच्या त्या गाडीला आवाज नसतो, त्याचं काय? मंगळवार बाजारात मागं येऊन उभी राहते, कळत नाही. परवा एक आजी दचकली, हातातली कोथिंबीर सांडली. हॉर्न वाजवला तर म्हणतात हॉर्न वाजवतोय.

विजापूर_वेस:
हा एक मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. बाजारात माणसाच्या चालीनं जावं लागतं आणि लोक हलत नाहीत. म्हशी तर अजिबातच नाहीत.

जुळे_सोलापूरची_ताई:
एक विचारू का भोंगा दादा? तुमच्या मेव्हण्यांनी गाडी विकली का मग? मूळ पोस्टीत “विकायला काढतोय” होतं.

मिलचा_भोंगा:
ताई, तुम्ही वकील आहात का?
विकायला काढली होती. त्याची बायको शाळेवर घेऊन जायला लागली. आता म्हणते गिअर नाही, क्लच नाही, ही माझी, तुम्ही तुमचं बघा. तो बिचारा बुलेटवर फिरतोय. म्हणून जाहिरात काढून टाकली. याला ईव्हीचा विजय म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या मते हा घरगुती मामला आहे.

विजापूर_वेस:
म्हणजे “ज्यानं घेतली तो विकायला काढतोय” मधला तो एकच होता, आणि तोही फिरला.

मिलचा_भोंगा:
पांढरा हत्ती मागं घेतो. करडा हत्ती म्हणतो. पुढच्या मेमध्ये तुमची बॅटरी किती उरली ते इथं टाका, आकड्यासकट. तोवर माझं डिझेल.

होटगी_रोड:
ते सगळं राहू द्या. आज आमच्या भागात पाण्याचा दिवस होता. आलं का कुणाकडं?

कडक_भाकरी:
आलंय. शेजाऱ्यानं मोटर लावलीय.