वीस वर्षं शिकवल्यावर आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा)? तुम्हाला पटतं का?

सीमेवरचा मास्तर:
1 सप्टेंबर 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल माहीतच आहे. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलीय, त्यांनी दोन वर्षांत टीईटी काढायची. कमी उरलेले राहतील, पण टीईटीशिवाय बढती नाही. मी अक्कलकोट तालुक्यात, झेडपी शाळेवर. पहिलीतली निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. परवा एकानं घागरीच्या चित्रावर बोट ठेवलं नि म्हणाला, "नीरु". मी फळ्यावर 'पाणी' लिहिलं, शेजारी 'नीरु'. मग पोरगं दोन्ही वाचत सुटलं. हे कन्नड मला पोरांनीच शिकवलंय. याला कुठल्या पेपरात मार्क आहेत?

पवित्रवाला:
सर, मान राखून बोलतो. आम्ही टीईटी काढली, 200 मार्कांची टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी) दिली, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलो. तुम्हाला 150 पैकी 90 काढायचेत, राखीव प्रवर्गाला त्याहून कमी. निगेटिव्ह मार्किंग नाही, मेरिट लिस्ट नाही. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास. रोज हेच शिकवता ना?

पूर्व भागातली बाई:
परीक्षेला मी घाबरत नाही, पण तिला प्रगती म्हणू नका. नव्या शैक्षणिक धोरणात (2020) शिक्षकानं वर्षाला 50 तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे. आमचे तास कसे भरतात सांगू? व्हिडिओ चालू, इकडे भाकरी तव्यावर. शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड! मी खरं शिकले ते शेजारच्या वर्गातल्या मॅडमकडून. एकदा मागच्या बाकावर बसून माझा तास बघितला नि म्हणाल्या, "तू प्रश्न फक्त पहिल्या दोन रांगांना विचारतेस." खोटं नव्हतं हो.

बार्शीकर:
परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेले क्यूआर कोड काय टीईटीच्या गाईडमधून आले होते?

पवित्रवाला:
एका डिसले सरांना पुढं करून सगळ्यांना सूट मागू नका. आणि बाई, तुम्हाला बऱ्या मॅडम भेटल्या. जिथं अशा मॅडम नाहीत त्या वर्गातल्या पोरांनी काय करायचं?

पूर्व भागातली बाई:
म्हणून तर म्हणते, आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत भाषणं कमी करा, एकमेकांचे तास बघायला पाठवा. टीईटी घ्या की, पण बीएलओची (मतदारयादीच्या कामाची) यादी हातात देऊन अभ्यास कधी करायचा तेही सांगा.

सीमेवरचा मास्तर:
फॉर्म भरणार आहे, वाद घातला म्हणून सोडणार नाही. गणिताला लेक बसवतीय, दहावीत आहे. काल शेकडेवारीत तिनं माझी तीन गणितं चूक काढली. बालमानसशास्त्राला मात्र पवित्रवाल्यांनी नोट्स पाठवाव्यात.