ऱ्हाईनकाठचे पडके किल्ले: सायकलने की पायी? (फ्रँकफर्टहून, बाबांसोबत)

दगडवेडा_फ्रा
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त फ्रँकफर्टला येऊन आठ महिने झाले. सप्टेंबरात आई-बाबा येतायत. आईचा प्रश्न नाही, तिला बोट आणि बाजारपेठ मिळाली की झालं. अडचण बाबांची. वय 64, उभी हयात सह्याद्रीत भटकण्यात गेली. ऱ्हाईनच्या किल्ल्यांचे फोटो पाठवले तर म्हणाले, "हे सगळे काल रंग दिल्यासारखे दिसतायत. एखादा पडका दाखव, पडक्यात भिंतीची जाडी तरी दिसते."

तर मला पडकेच किल्ले हवेत. हॉटेल झालेले नकोत, काचेच्या कपाटात चिलखत ठेवलेले तर नकोतच. बाबांचा उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो, पण सायकल अजून रोज चालवतात. दोन किंवा तीन दिवस आहेत. कुठून सुरुवात करू?

कोब्लेन्झकर
बाबांची नजर पक्की आहे. बिंगेन ते कोब्लेन्झ हा साधारण 65 किलोमीटरचा पट्टा 2002 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि त्यात चाळीसेक किल्ले आहेत. पण खालून अगदी 'मध्ययुगीन' दिसणारे बरेचसे एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभे केलेले. प्रशियाच्या राजघराण्याला तेव्हा मध्ययुगाचं वेड लागलं होतं. राइनस्टाइन 1820च्या दशकात सजवला, श्टोल्झेनफेल्स 1836 ते 1842 मध्ये. देखणे आहेत, पण तुम्हाला हवं ते तिथे नाही.

तुम्ही सरळ राइनफेल्स गाठा, सांक्ट गोआर गावाच्या डोक्यावर. 1245 मध्ये कात्झेनेलनबोगेनच्या सरदाराने बांधला, तो मुख्यतः नदीवरच्या जकातीसाठी. दहा वर्षांतच त्या जकातीला वैतागलेल्या शहरांनी एकजूट करून वेढा घातला. वर्षाहून जास्त बसले आणि हात हलवत परत गेले. पुढे 1692 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या प्रचंड फौजेलाही तो मिळाला नाही. आणि 1794 मध्ये? फ्रेंच क्रांतिसेना आली तेव्हा एक गोळी न झाडता सोडून दिला! मग फ्रेंचांनी 1796-97 मध्ये सुरुंग लावून उडवला. पुढे लोकांनी त्याचा खाणीसारखा वापर केला, कोब्लेन्झसमोरच्या एऱ्हेनब्राइटश्टाइन किल्ल्याच्या बांधकामातही इथला दगड गेला.

आज जे उरलंय तेच तासन् तास पुरतं. एकावर एक चढवलेल्या तोफांच्या काळातल्या तटबंद्या, आत जुन्या बालेकिल्ल्याचे अवशेष, आणि खाली शत्रूच्या पायाखाली सुरुंग पेरायला खणलेली भुयारं. विजेरी न्याच. मोबाइलच्या उजेडावर मी एकदा गेलो आणि कपाळावर टेंगूळ घेऊन आलो. दुरुस्तीमुळे काही भाग अधूनमधून बंद असतात, निघण्याआधी किल्ल्याच्या संकेतस्थळावर बघा.

चाकावरची_वरात
सायकलच. डाव्या काठाने बिंगेन ते सांक्ट गोआर जेमतेम 27-28 किलोमीटर आणि रस्ता जवळजवळ सपाट, नदीला चिकटून. काठावर मोठे आकडे लिहिलेल्या पाट्या दिसतील, ते कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले किलोमीटर. बिंगेनला 530च्या जवळपास, सांक्ट गोआरला 556. बाबांना वजाबाकी करू द्या, "अजून किती" हा प्रश्नच येत नाही. (माझ्या सासऱ्यांवर प्रयोग सिद्ध झालेला आहे.)

किल्ल्यावर सायकल चढवायच्या फंदात पडू नका, खाली कुलूप लावा आणि चाला. नाहीतर बाबांसाठी विजेची सायकल भाड्याने घ्या, राइनफेल्सचा चढ छोटा पण चांगलाच उभा आहे.

एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: माइन्झ-वीसबाडेन सोडलं की थेट कोब्लेन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट. बिंगेन-र्‍यूडेसहाइम, नीडरहाइमबाख-लोर्श, काउब, सांक्ट गोआर, बोपार्ड. सायकल चढवता येते. शेवटची फेरी कधी आहे ते आधी पाहून ठेवा, मी एकदा समोरच्या काठावरचं माझं लॉज बघत बाकावर बसून राहिलोय.

दमलात तर दोन्ही काठांनी रेल्वे आहे. उजव्या काठाची गाडी फ्रँकफर्टहून थेट मिळते. डॉइचलँड-तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) स्थानिक गाड्यांत चालतं, पण त्यात सायकल येत नाही. ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्यात आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी सायकल फुकट नेतात, जागा असेल तर. तुम्ही मात्र फ्रँकफर्टहून, म्हणजे हेस्से राज्यातून निघणार, तेव्हा तिथले नियम वेगळे बघा.

रानवाट
सायकलवाल्यांना नम्र विरोध! नदीकाठाने गेलं की किल्ले फक्त मान वर करून दिसतात. चालायला उजव्या काठाला राइनश्टाइग आहे (बॉन ते वीसबाडेन, 320 किमी), डाव्या काठाला राइनबुर्गेनवेग. दोन्हीकडे चढ-उतार भरपूर, म्हणून सगळं करायला सांगत नाही. पण एक दिवस तरी वरून चाला. र्‍यूडेसहाइमहून द्राक्षमळ्यांतून आस्मान्सहाउझेनकडे जाताना एरेनफेल्सचा भग्न किल्ला वाटेतच आहे. आत जाता येत नाही, पण वाट अगदी भिंतीला लागून जाते आणि समोर नदीत उंदरांचा मनोरा दिसतो. उतार लागला की बाबांना काठ्या द्या, दोन्ही हातांत.

ओबरवेझेलजवळचा ओल्सबेर्गचा मार्ग मात्र टाळा. दोरखंड आणि लोखंडी शिड्या आहेत. तसं मजेशीर आहे, पण गुडघ्याला विचारून ठरवा. बगल देणारी वाट आहेच.

आणि उजव्या काठावर काम्प-बोर्नहोफेनच्या वर श्टेरेनबेर्ग आणि लीबेनश्टाइन हे दोन किल्ले अगदी शेजारी-शेजारी आहेत. मधे एक आडवी भिंत. भांडकुदळ भावांची गोष्ट सांगतात तिथे. आपल्याकडे अशा वाटणीच्या भिंतीसाठी किल्ला लागत नाही, एक गुंठा पुरतो.

दगडवेडा_फ्रा
सगळ्यांचे आभार! रानवाट ताई, शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं, काकांचा विषय निघाला आणि अर्धा तास गेला 😄

मुक्काम बाखाराखला करावा का? तिथला श्टालेक किल्ला युथ हॉस्टेल आहे असं दिसतंय. पण तो तर पुन्हा बांधलेला ना?

कोब्लेन्झकर
हो, विसाव्या शतकात उभा केलेला. पण झोपण्यापुरता चालेल, आणि सकाळी नदीचं दृश्य जे दिसतं ते पैसे टाकून हॉटेलात मिळत नाही. तुम्हाला हवं ते त्याच्या खाली अर्ध्या वाटेवर आहे: वेर्नर चॅपेल. लाल दगडाच्या नुसत्या कमानी, छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ. 1689 मध्ये फ्रेंचांनी श्टालेक उडवला, त्याचा ढिगारा या चॅपेलवर कोसळला. नंतर कोणी बांधलंच नाही. सुंदर आहे, पण उगम काळा आहे. 1287 मध्ये एका मुलाच्या मृत्यूचा खोटा आळ ज्यूंवर घातला गेला, त्यांच्या कत्तली झाल्या आणि त्या मुलाच्या नावाने ही यात्रा सुरू झाली. तिथली माहिती वाचल्याशिवाय फोटो काढून निघू नका.

1689 हे साल तुम्हाला या पट्ट्यात पाटीपाटीवर भेटेल. चौदाव्या लुईच्या फौजांनी त्या वर्षी इथे किल्ल्यांमागून किल्ले फोडले. आपल्याकडे संभाजी महाराजांचं बलिदान आणि रायगड पडला ते हेच वर्ष. 1818 नंतर इंग्रजांनी आपल्या गडांचे दरवाजे आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामागचा हिशेब इथेही तोच: पुन्हा कोणी वर जाऊन बसू नये. बाबांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

मुक्कामाबद्दल एकच इशारा. दोन्ही काठांनी रात्रभर मालगाड्या धावतात आणि दरीत आवाज घुमतो. कानात घालायचे बोळे न्या.

चाकावरची_वरात
बाखाराखला असाल तर मागच्या दरीत श्टेगकडे जा आणि श्टालबेर्ग बघा. एखादा मनोरा, तुटक्या भिंती, झाडी. तिकीट नाही, आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी काउबचा फाल्झ नावाचा किल्ला. तो पडका नाही, पण नदीच्या मधोमध जहाजासारखा उभा आहे, जकात चुकवणाऱ्यांना अडवायला. 1326-27 मध्ये सुरू झालेलं काम. छोट्या होडीने जातात, नदीला पाणी चढलं की बंद.

दगडवेडा_फ्रा (चार आठवड्यांनी)
जाऊन आलो. तीन दिवसांत बिंगेन ते सांक्ट गोआर, म्हणजे तुमच्या हिशेबाने लाजिरवाणा वेग. एकट्या राइनफेल्सवर पाच तास. बाबांनी पंज्याने वीत-वीत मोजत एका भिंतीची जाडी काढली, भुयारात ओणवे होऊन शिरले, बाहेर आले तेव्हा पँटीचे गुडघे पांढरे आणि चेहरा पाचवीतल्या मुलासारखा. परतीच्या फेरीत मात्र गप्प होते. मग म्हणाले, "वेढ्यात टिकला आणि शेवटी असाच सोडला. वाईट वाटतं." आई म्हणाली, "दोनशे वर्षं झाली त्याला, जेवा आता."

पुढच्यांसाठी टीप: सप्टेंबरात आंबत असलेली ताजी वाइन, फेडरवायसर, मिळते. तिची बाटली मुद्दाम घट्ट बंद करत नाहीत, नाहीतर फुटते. ती सायकलच्या पिशवीत आडवी ठेवायची नसते. माझं जॅकेट दोनदा धुतलं.

श्टालबेर्ग वेळेअभावी राहिला. बाबा जायच्या आधी एका दिवसात करायचा म्हणतायत. वर प्यायचं पाणी मिळतं का?

चाकावरची_वरात
नाही. श्टेगमधून भरून न्या. आणि सकाळी लवकर जा, दरीत ऊन उशिरा उतरतं, चढताना बरं पडेल.