संपातचलन, अयनचलन की परांचन?

भाषांतरकार:
शाळकरी मुलांसाठीचा एक खगोलशास्त्रीय लेख मराठीत आणताना 'प्रिसेशन'साठी, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा अक्षच हळूहळू गोल फिरण्यासाठी, मी 'संपातचलन' लिहिले. संपादकांनी सर्वत्र 'परांचन' केले. लेखात पृथ्वीच्या आधी भोवरा येतो. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा वेग मंदावल्यावर आरीवर उभा राहूनच माथा गोल फिरवत डुलू लागतो. त्याला संपात (आकाशात सूर्याचा मार्ग विषुववृत्ताला छेदतो तो बिंदू; पृथ्वीचा अक्ष फिरतो तसा तो सरकतो) नसतो, त्यामुळे माझा शब्द तेथे अडतो. पण 'परांचन' वाचून सहावीतल्या मुलाला काय कळेल? दोन्हीकडे चालणारा शब्द कोणता?

संस्कृतप्रेमी:
भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त मुंजाल या आधीच्या ज्योतिषाचा हवाला देऊन 'अयनचलन' हाच शब्द वापरला आहे. इतका जुना शब्द हाताशी असताना नवा घडवण्याची गरज मला पटत नाही.

रत्नागिरीकर:
अयन म्हटले की मराठी वाचकाला मकरसंक्रांत आठवते, आणि ते उदाहरण घरचेच आहे. आमच्याकडे टिळक पंचांग असल्याने संक्रांत १० जानेवारीला होई. शेजारच्या काकू १४ तारखेला तिळगूळ आणत, तोवर आमचे लाडू संपलेले असत. टिळक पंचांग रेवतीच्या योगताऱ्यापासून (नक्षत्राच्या ठरलेल्या मुख्य ताऱ्यापासून) राशिचक्र मोजते आणि इतर पंचांगे चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून, म्हणून अयनांशांत (संपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतच्या अंतरात) सुमारे ४ अंशांचे अंतर पडते. प्रत्यक्षात सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो.

संस्कृतप्रेमी:
सरकते कोण, हाही प्रश्न आहे. सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ म्हणतो, 'भानां चक्रं प्राक् परिलम्बते', म्हणजे नक्षत्रांचे चक्रच पूर्वेकडे लोंबते, आणि तेही २७ अंशांपर्यंत जाऊन परतते. त्यावरून 'परिलंबन' हा शब्द मला सुचतो. भोवऱ्यालाही तो शोभेल.

विज्ञानशिक्षक:
क्षमा असावी, पण 'परिलंबन' मुलांना चुकीचे शिकवील. सूर्यसिद्धांताची वर्षाला ५४ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) गती आजच्या सुमारे ५०.३ विकलांच्या बरीच जवळ आहे, हे कौतुकाचेच; मात्र हे झोके नसून सुमारे २५,८०० वर्षांचा पूर्ण फेरा आहे. 'परांच' म्हणजे पाठ फिरवून जाणारा; संपात मागे सरकतो, म्हणून पृथ्वीला 'परांचन' योग्य वाटते. भोवरा मात्र ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डुलतो, आणि पृथ्वीचा अक्ष तिच्या फिरण्याच्या उलट दिशेने. त्यामुळे भोवऱ्यासाठी मी सरळ 'डुलणे' लिहीन.

संस्कृतप्रेमी:
'डुलणे' ही परिभाषा नव्हे. देवळातला हत्तीही डुलतो.

विज्ञानशिक्षक:
ज्या मुलाने हत्ती पाहिला आहे, त्याला ती लगेच कळेल.

रत्नागिरीकर:
'च्यवन' का नको? कृत्तिकांविषयी शतपथ ब्राह्मणात 'एता ह वै प्राच्यै दिशो न च्यवन्ते' असे आहे, म्हणजे त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. याच वाक्यावरून भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सूर्यास्तानंतर गच्चीवरून पाहावे. आज कृत्तिका आपल्याकडे पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात.

संस्कृतप्रेमी:
मग धनिष्ठाही घ्यावी लागेल. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी आहे. वराहमिहिराला सहाव्या शतकात ते मकरारंभी दिसले, आणि पूर्वशास्त्रांत सांगितलेले 'नूनं कदाचिदासीत्', खरोखर कधीतरी तसे असेल, असे त्याने नोंदवले. त्याने या ढळण्याला नाव दिले नाही, पण ते पाहिले होते.

भाषांतरकार:
धनिष्ठा आणि कृत्तिका या दोन्हींसाठी मी लेखात एक चौकट मागून घेणार आहे. भोवऱ्याचा परिच्छेद मात्र अजून रिकाम्या जागेसह पडून आहे.