अनुभव धागा: चढाई एका गावातून, उतराई दुसऱ्या गावात (एसटी, लोकल, बस, रेल्वे)

स्वतःची गाडी घेऊन डोंगरात गेलं की कमरेला एक दोरी बांधल्यासारखं होतं. कितीही सुंदर धार पुढे दिसू दे, गाडी लावली तिथेच परत यायचं. एसटीने किंवा लोकलने गेलं की ही दोरी सुटते. एका बाजूने चढा, माथ्यावरून चाला, पलीकडच्या खोऱ्यात उतरा आणि तिथून मिळेल त्या गाडीने घरी या. माझ्या मते डोंगर नीट कळतो तो असा आरपार गेल्यावरच.

म्हणून या धाग्यावर अशाच वाटा हव्या आहेत. कुठे उतरलात, पायवाट कुठून फुटते, दुसऱ्या टोकाला वाहन कोणतं, ते चुकलं तर काय, हे जरूर लिहा. जगातल्या कुठल्याही डोंगराबद्दल चालेल. नुसती नावांची यादी मात्र नको.

सुरुवात मी करते.

लोणावळा – राजमाची – कर्जत

दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन असलेली ही वाट मला सगळ्यांत जास्त आवडते. लोणावळा स्टेशनवर उतरायचं आणि तुंगार्ली तलावाच्या बाजूने चालू लागायचं. उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटर. बराचसा कच्चा रस्ताच आहे, त्यामुळे दम लागत नाही, पण अंतर अंगावर येतं. गावाच्या वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आणि मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. वेळ कमी असेल तर श्रीवर्धन करा, मनरंजन सोडा.

खरी मजा पुढच्या उतरणीत आहे. गावातून कोंढाणे लेण्यांकडे उतरणारी वाट दाट झाडीतून जाते आणि जसजसं खाली यावं तशी हवा बदलत जाते. घाटमाथ्यावरचा वारा थांबतो, कोकणातला दमटपणा सुरू होतो. लेणी येतात ती अगदी अचानक. चैत्याची कमान आणि त्यावरचं लाकूडकामासारखं कोरीव काम बघायला थांबाच. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून पाणी कोसळतं आणि वाट भयंकर निसरडी होते, तेव्हा जुन्या गुळगुळीत तळव्याचे बूट घालून जाऊ नका. खाली कोंदिवडे, तिथून कर्जत स्टेशनपर्यंत रिक्षा. रेल्वे ज्या बोरघाटातून चढते तोच डोंगर आपण शेजारून पायी उतरतो. पुणेकर आणि मुंबईकर एकत्र निघाले असतील तर कर्जतच्या फलाटावर दोघांचे रस्ते वेगळे होतात.

तोरणा – राजगड

वरच्या ताईंनी आरपार चालण्याबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. आमच्या पिढीकडे गाड्या नव्हत्याच, त्यामुळे सगळे ट्रेक असेच व्हायचे. स्वारगेटहून वेल्हे, तिथून तोरणा, मग बुधला माचीवरून उतरून धार पकडायची ती राजगडाच्या संजीवनी माचीपर्यंत. अळू दरवाजातून गडावर शिरताना मागे वळून तोरणा बघितला की आपण एवढं चाललो यावर विश्वास बसत नाही. मुक्काम तेव्हा पद्मावती माचीवर व्हायचा. दुसऱ्या दिवशी गुंजवण्याला उतरायचं, वडाप मिळालं तर मार्गासनी फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून पुण्याकडची एसटी धरायची. धारेवर पाणी नाही असंच धरून चाला आणि तोरण्यावरूनच बाटल्या भरून घ्या.

नव्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आडगावांना बऱ्याच ठिकाणी मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी ती गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. रात्री या गाडीने पायथ्याला पोचलं की उजाडायच्या आत चढाई सुरू करता येते. आणि परतीची वेळ विचारायची ती वाहकालाच. जाताना तिकीट काढतानाच विचारा, "मास्तर, संध्याकाळी इथून शेवटची कधी?" शाळेला सुट्टी असली की कुठली फेरी बंद असते, हे त्याला पाठ असतं. मोबाईलवरच्या वेळापत्रकात ते कळत नाही.

नाणेघाट

थोडक्यात लिहितो. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने वैशाखऱ्याला उतरायचं, नाणेघाट चढायचा, सातवाहनांच्या लेण्यातला ब्राह्मी शिलालेख बघायचा, नळीतून माथ्यावर यायचं आणि घाटघरहून जुन्नरची गाडी. दोन हजार वर्षं लोक कोकणातून देशावर याच वाटेने येत होते. घाटघरला मात्र गाड्या तुरळक, तिथे ताटकळत बसावं लागतं.

जिनबा – ताकाओ (तोक्योजवळ)

नाणेघाटवाल्या दादांसाठी एक उपाय सुचवते, तो मी इथे राहून शिकले. ज्या टोकाला गाड्या कमी, तिथून सुरुवात करायची. ज्या टोकाला भरपूर, तिथे संपवायचं. म्हणजे सकाळी ताजंतवानं असताना ठरलेली एक बस गाठायची आणि संध्याकाळी घड्याळाकडे बघायची गरजच उरत नाही.

ताकाओ (५९९ मीटर) हा डोंगर इथे सगळ्यांना माहीत आहे. शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभरात पायथ्याशी. तिथून चढणारी गर्दी प्रचंड असते. मी उलट करते. ताकाओ स्टेशनच्या उत्तर बाजूने जिनबा-कोगेन-शिता या थांब्याची बस घेते. थांब्यावरच्या तक्त्यात कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस असे वेगळे रकाने असतात, ते नीट बघून ठेवायचे. जिनबाच्या माथ्यावर (८५५ मीटर) पांढऱ्या घोड्याचा मोठा पुतळा आहे आणि हिवाळ्यात हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो. पुढे कागेनोबू, कोबोतोके, शिरोयामा असं धारेधारेने ताकाओपर्यंत. पूर्ण दिवसाची चाल आहे. मी बहुतेक वेळा एकटीच जाते आणि या वाटेवर मला कधीही असुरक्षित वाटलेलं नाही. शेवटी ताकाओसानगुची स्टेशनवर केइओच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत मिळत राहतात.

*(नाणेघाटवाला पुन्हा: पटलं! मग जुन्नरहून सकाळच्या गाडीने घाटघर गाठायचं, घाट उतरायचा आणि वैशाखऱ्याला हमरस्त्यावर यायचं. तिथे कल्याणकडच्या गाड्या जास्त असतात. पुढच्या वेळी असंच करणार.)*

आयगर ट्रेल, स्वित्झर्लंड

मी साठी ओलांडलेला माणूस. गुडघ्यांना चढ चालतो, उतार अजिबात चालत नाही. त्यामुळे माझ्यासाठी रेल्वे ही नुसती सोय राहिलेली नाही, तिच्यामुळेच माझं डोंगरात जाणं चालू आहे. आयगर ट्रेल लोक सहसा आयगरग्लेचर स्टेशनवरून (२३२० मीटर) आल्पिग्लेनला (१६१६ मीटर) उतरत करतात. मी आल्पिग्लेनला गाडीतून उतरून वर चढत गेलो. साधारण ६ किलोमीटरची वाट, एका हाताला आयगर शिखराची उत्तर भिंत इतकी जवळ की मान वर करूनही माथा नजरेत मावत नाही. वर पोचल्यावर गाडीने खाली.

तिथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, चालायचा वेळ असतो. थांबे, फोटो त्यात धरलेले नसतात, म्हणून पाटीवरच्या वेळेत आपली विश्रांती मिळवूनच परतीची गाडी ठरवावी. नुसती पिवळी खूण म्हणजे सोपी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरवाट, पांढरी-निळी-पांढरी दिसली की ती अनुभवी लोकांसाठी. माझ्या वयाच्या मंडळींनी गुडघ्यांमुळे ट्रेक सोडला असेल, तर त्यांनी उतरण गाडीवर सोपवून बघावी.

ड्रॅगन्स बॅक, हाँगकाँग

लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर ही वाट. शाउ केइ वानच्या मेट्रो स्टेशनबाहेरून ९ नंबरची बस, तो तेइ वान थांब्यावर उतरलं की समोरच चढ सुरू. सर्वांत उंच जागा २८४ मीटर, पण दोन्ही बाजूंना समुद्र. वाट संपते ती बिग वेव्ह बेच्या वाळूत. "अजून किती राहिलं?" या प्रश्नावर "समुद्र येईपर्यंत" हे उत्तर आमच्या मुलीला पुरलं. उन्हाळ्यात जाऊ नका, धारेवर सावली नाही.

कोरूर, स्कॉटलंड

इथे स्टेशनपर्यंत सार्वजनिक रस्ताच नाही. फोर्ट विल्यमकडे जाणारी गाडी ४०८ मीटर उंचीवरच्या माळावर सोडते आणि निघून जाते. दिवसाला मोजक्याच गाड्या, त्यामुळे बेन ना लॅप हा डोंगर (९३५ मीटर) चढून परतीची गाडी गाठायची तर किती वाजता मागे फिरायचं ती वेळ आधीच ठरवलेली असावी लागते. माथा शंभर पावलांवर असला तरी वेळ झाली की वळायचं. जादा गरम कपडा आणि टॉर्च सोबत हवाच.

---

वा, काय एकेक वाटा आल्या आहेत! काकांचा मुक्कामी गाडीचा मुद्दा आणि जिनबावाल्या ताईंचा नियम मी वहीत उतरवून घेतलाय. माझा पुढचा बेत हरिश्चंद्रगडाचा आहे: खुबी फाट्याला उतरून धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, टोलार खिंडीतून वर, आणि दुसऱ्या दिवशी पाचनईला उतार. ताईंच्या नियमाने हे उलटं करावं लागेल असं दिसतंय. राजूर ते पाचनई अलीकडे एसटीने कुणी गेलं असेल तर सकाळच्या गाडीची सध्याची वेळ कृपया लिहा.