बी.कॉम. सोडून संगीताच्या बी.ए.ला जावं का? (कॉलेज दुसऱ्यांदा बदलणं)

मंद्र_निषाद
एक वर्ष इंजिनिअरिंग, मग ते सोडून बी.कॉम. सध्या नाशिकला तिसरं सेमिस्टर चालू आहे, कॉलेज पुणे विद्यापीठाचं. गांधर्व मंडळाची 'मध्यमा पूर्ण' ही गायनाची परीक्षा झाली आहे, पट्टी (माझा सा) काळी 4. जूनमध्ये पुण्याला त्याच विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बी.ए. संगीताला जायचा विचार करतेय. क्रेडिट सोबत नेता येतात का, कागदपत्रांत काय अडतं आणि गायनचाचणीत काय बघतात? "नाद लागलाय" वगैरे घरी ऐकून झालंय, इथे नको.

हिशेबनीस
क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत (एबीसी) जमा राहतात, पण अकाउंट्स आणि टॅक्सचे क्रेडिट संगीताच्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) कोण धरणार? भाषा, पर्यावरण, ओपन इलेक्टिव्ह असे सामाईक विषय मान्य होऊ शकतात, तेही त्या विभागाने होकार दिला तर. प्रवेश पहिल्या वर्षालाच मिळणार असं धरून चला.

आता वर्षं मोजा. बदललंत तर हे वर्ष अधिक बी.ए.ची तीन, म्हणजे चार वर्षांनी हातात बी.ए. न बदलता बी.कॉम.ची ही दोन वर्षं आणि पुढे एम.ए. संगीताची दोन धरली, तरी चारच, आणि हातात बी.कॉम. व एम.ए. दोन्ही. मध्यमाच्या पुढच्या विशारदच्या दोनच परीक्षा उरल्यात, प्रथम आणि पूर्ण. त्या बी.कॉम.बरोबर उरकतात. कुठल्याही शाखेची पदवी आणि विशारद असेल तर बऱ्याच विद्यापीठांत एम.ए.च्या चाचणीला बसता येतं. ज्या विभागात जायचंय त्याचं माहितीपत्रक मात्र आत्ताच वाचा.

तरीही सोडायचंच असेल तर तिसऱ्या सेमिस्टरनंतर सोडू नका. चौथं पूर्ण केलं की 80 ते 88 क्रेडिट होतात, वर 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली की पदविका घेऊन बाहेर पडता येतं. नाहीतर दोन वर्षांचं दाखवायला काहीच उरत नाही.

जवारी
हिशेब बरोबर, पण तो कागदावरचा. एम.ए.च्या चाचणीला शेजारी बसलेली मुलं तीन वर्षं रोज सकाळी तंबोऱ्यावर बसून आलेली असतात. बी.कॉम. सांभाळून दिवसाला तासभर रियाज करणाऱ्याचा आवाज तिथे लगेच ओळखू येतो. रोज तीन तास निघत असतील तरच थांबा.

मधला एक रस्ता आहे. 2022 पासून यूजीसीने एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे: एक प्रत्यक्ष, एक मुक्त किंवा ऑनलाइन चालते. मुक्त विद्यापीठ तुमच्या नाशिकलाच आहे. वाणिज्य तिकडे, संगीत पुण्यात. दोन्हीकडे लेखी विचारून घ्या, काही कार्यालयं मूळ दाखल्यावरून अडवतात.

दाखल्यावरून आठवलं. निवड यादीत नाव लागेपर्यंत टी.सी. काढू नका. टी.सी. निघाली की चालू प्रवेश रद्द, चाचणीत नाव आलं नाही तर ना घर का ना घाट का. विद्यापीठ तेच असल्याने मायग्रेशनची भानगड नाही. मधे एखादं वर्ष रिकामं गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

सम_चुकली
चाचणीबद्दल. राग कठीण निवडू नका. दरबारीतला गंधार आंदोलित करायला (हळुवार झुलवायला) गेलं आणि नुसता हलला, की पुढचं कोणी मनावर घेत नाही. यमन बरा, फक्त तार सप्तकाकडे जाताना तीव्र मध्यम उतरतो, तो तंबोऱ्यावर रोज तपासा.

वेळ थोडाच मिळतो. विलंबित एकतालाच्या 12 मात्रा मिनिटभर ताणल्या तर दहा मिनिटांत बंदिश आणि जेमतेम चार-पाच आलाप होतात. आवर्तन (तालाचा एक फेरा) 35-40 सेकंदांत येईल अशी लय सांगा. बहुतेक जण घाबरून मुखडा (बंदिशीचा समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा) लवकर उचलतात आणि समेवर (पहिल्या मात्रेवर) आधीच येऊन थांबतात. दहाव्या मात्रेपासून मुखडा असेल तर नववी मात्रा मनात मोजायची सवय लावा.

हातावर ताल विचारतातच. झपतालाची दुगुन (दुप्पट लय) एकदाच म्हणायला सांगितली तर ती सहाव्या मात्रेपासून सुरू करायची (दहा मात्रा पाचात बसतात, मग सम). तीनतालाची चौगुन (चौपट लय) तेराव्यापासून. पाठ करून चालत नाही, टाळी-खाली चुकते.

आणि तबलजीला पट्टी आधी सांगा. काळी 1 चा तबला काळी 4 च्या गाण्यात शुद्ध मध्यमावर पडतो. यमनमध्ये तो पूर्ण वेळ कानाला टोचत राहतो.

मंद्र_निषाद
आभार. टी.सी. काढायला उद्याच जाणार होते, थांबते. मालकंस जास्त तयार आहे. चालेल?

सम_चुकली
चालेल. त्यात पंचम नाही, म्हणून ॲपवर तंबोरा लावताना पहिली तार मध्यमावर घ्या, म-सा-सा-सा. ॲप बहुधा पंचमावरच उघडतं, तेव्हा आत जायच्या आधी बघून ठेवा. मध्यम सतत वाजत असल्याने नवख्याला तोच षड्ज वाटायला लागतो आणि गाणं नकळत सरकतं. सुरुवातीचा षड्ज नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावा. आणि काळी 1 चाच तबला हाताशी आला तरी तो मध्यमावरच पडतो, म्हणून मालकंसात निभावून जाईल.